ओळख वशिल्याची नव्हे, कामाची



गेल्या वर्षावासातली गोष्ट. विहारातील धम्मप्रवचन आटोपल्यावर एक भगिनी आमच्यापाशी येऊन बसल्या. यजमान महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. मुलगी जीएनएम होऊन एका खाजगी इस्पितळात नोकरीला लागलेली. भगिनींची तक्रार अशी : "दादा, पोरीला महिन्यातून चार सुट्ट्या मिळतात. त्यातली एक ती नर्सेसच्या कसल्या संघटनेच्या बैठकीला घालवते. वर पदरची वर्गणी भरते. तिथं जाऊन खुर्च्या मांडते, आलेल्यांची नावं लिहून घेते. हातात एक पैसा पडत नाही. तिचे बाबा म्हणतात, आपण बरं नि आपलं काम बरं. तुम्हीच तिला चार शब्द सांगा."

आम्ही चार शब्द सांगितले. पण ते मुलीला नव्हे, आईला आणि विहाराच्या दारात चप्पल शोधत असलेल्या बाबांना! तेच आज या सदरात जरा विस्ताराने मांडतो आहोत. कारण हा प्रश्न त्या एकाच घरचा नाही. आपल्या समाजातील मुले-मुली आता नर्स आहेत, डिप्लोमा इंजिनिअर आहेत, फार्मसिस्ट आहेत, वकील आहेत, हिशेबतपासनीस आहेत. शिक्षण झाले, नोकरी लागली, घरात पेढे वाटले. पुढे काय? पुढची वाट कुणी दाखवायची?

"आपण बरं नि आपलं काम बरं" हे वाक्य आपल्या वडीलधाऱ्यांनी उगीच धरून ठेवलेले नाही. मान खाली घालून काम केले, कुणाच्या अध्यात-मध्यात पडलो नाही, म्हणून चार पोरे शिकली, असा त्यांचा अनुभव आहे. त्या अनुभवाचा आम्ही आदरच करतो. पण त्याच पिढीच्या नोकऱ्या लागल्या कशा, हेही एकदा आठवून पाहावे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत नोकरीची जाहिरात निघत नसे. जॉबर माणसे भरायचा. तो आपल्या गावची, आपल्या जातीची, आपल्या ओळखीची माणसे आणायचा. काका सुताखात्यात असला की पुतण्याला बदली कामगाराचे कार्ड मिळायचे. रेल्वेत, गोदीत, नगरपालिकेतही थोड्याफार फरकाने हेच. म्हणजे ओळख लागतच होती. फक्त तिला कुणी मोठे नाव दिले नव्हते.

आणि ही ओळख दार उघडते तशी दार बंदही करते, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? गिरणीतले विणकाम खाते जास्त पगाराचे. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात शिरू देत नसत. आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. विणकामाचे कसब आपल्यात नव्हते असे नाही. पण खात्यात बोलावून घेणारा, शेजारी उभा करून शिकवणारा आपला कुणी नव्हता आणि जे होते त्यांनी दार लावून घेतले होते.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. काकाने पुतण्याला चिकटवण्याचे दिवस संपले. दादरमधील हजारो कुटुंबांची पाहणी करून कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांना दिसले ते विचार करण्यासारखे आहे. कामगार जातींतील मुलांना वडिलांच्या ओळखीने कामगाराची नोकरी मिळण्याची वाट होती, म्हणून ती मुले त्याच वाटेने ढकलली गेली. मुलींसाठी तशी वाट कधी नव्हतीच. त्यामुळे त्या मोकळ्या राहिल्या आणि नव्या शिक्षणाकडे, इंग्रजी शाळांकडे अधिक वळल्या. म्हणजे जुनी ओळख जशी आधार असते तशी बेडीही असते. आपल्या त्या भगिनींची मुलगी नर्स झाली ती जुन्या बेडीतून सुटून. पण सुटल्यावर ती एकटी पडली. तिच्या घरात, चाळीत, नात्यात तिच्या धंद्यातले कुणीच नाही. तिने विचारायचे कुणाला?

वशिला वेगळा, ओळख वेगळी

इथे काही वाचक म्हणतील, "म्हणजे तुम्ही वशिलेबाजी शिकवता की काय?" नाही. दोहोंतला फरक नीट समजून घ्यावा.

वशिला म्हणजे लायकी नसताना दुसऱ्याच्या ताटातले ओढून घेणे. तो जन्माने मिळतो, पैशाने मिळतो, जातीने मिळतो. आपल्याविरुद्ध तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. त्याची आपल्याला गरज नाही आणि हावही नसावी. आम्ही ज्या ओळखीविषयी बोलतो ती वेगळी. चार जणांनी आपले काम डोळ्यांनी पाहिलेले असणे, आपण शब्द पाळतो हे त्यांना ठाऊक असणे, म्हणजे ओळख. ती कष्टाने मिळते आणि कष्ट तर आपल्याला नवीन नाहीत.

ही ओळख घरच्या माणसांपेक्षा दूरच्या माणसांकडून अधिक उपयोगी पडते, असेही अभ्यासाने दिसून आले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील तंत्रज्ञ, व्यावसायिक व व्यवस्थापकांना विचारले, की तुम्हाला ही नोकरी कशी कळली? त्याचे निष्कर्ष १९७३-७४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे सतरा जणांनाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. उरलेल्या त्र्याऐंशींना ती कधीमधी किंवा वर्षाकाठी एखादे वेळी भेटणाऱ्याने सांगितली होती. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी बातमी दुसऱ्या गल्लीतून येते.

आता सांगा, आपल्या मुलीला "दुसरी गल्ली" कुठे भेटणार? लग्नाच्या मांडवात? चाळीच्या नळावर? तिच्या धंद्यातली दुसरी गल्ली भेटते ती तिच्या धंद्याच्या संघटनेत.

बाबासाहेबांनाही माणसे लागली

कुणी म्हणेल, बाबासाहेब तर एकट्याच्या हिमतीवर मोठे झाले. त्यांच्या विद्वत्तेला तोड नाही, हे खरे. पण नुसत्या विद्वत्तेने काय झाले ते त्यांच्याच चरित्रात पाहावे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकही येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. पुढे १९२३ साली त्यांनी वकिली सुरू केली. बॅरिस्टर होते, पण त्यांना खटले देणारे सॉलिसिटर कुठे होते? ज्ञान होते, पण बाजारात "हा माणूस चांगला आहे" असे सांगणारी तोंडे नव्हती.

दुसरी बाजूही पाहावी. अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा स्वतःची शिल्लक होती, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेली कर्जाऊ रक्कमही होती. हे भथेना त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना भेटलेले. ना जातीचे, ना गावचे, ना नात्याचे. एका ठिकाणी शिकताना जुळलेली मैत्री अखेरपर्यंत उपयोगी पडली.

बाबासाहेब यातून एकच शिकले आणि आपल्यालाही तेच शिकवून गेले, की ज्यांना वारशाने माणसे मिळत नाहीत, त्यांनी संघटनेने ती मिळवावीत. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९३५ चा मुंबईतील म्युनिसिपल कामगार संघ, १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही सगळी त्याच शिकवणीची फळे. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हे आपण भिंतीवर लिहितो. पहिला शब्द आपण घरोघर पाळला. दुसरा शब्द मात्र मोर्चापुरता ठेवला. नोकरीत, धंद्यात तो कुठे पाळला?

तथागतांनीही हेच सांगितले आहे. राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थ ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला समजावले, की या सहा दिशा म्हणजे आपल्याभोवतीची माणसे. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, आणि उत्तर दिशा म्हणजे मित्र व सोबती. जो मदत करतो, सुखदुःखात सारखाच राहतो, हिताचे सांगतो आणि ज्याला आपल्याबद्दल कळवळा असतो, तो खरा मित्र. यालाच आपण कल्याणमित्र म्हणतो. संघटनेत जायचे ते कल्याणमित्र शोधायला आणि स्वतः कुणाचे तरी कल्याणमित्र व्हायला.

नर्सेसच्या संघटनेत काय मिळते?

आता त्या मुलीच्या धंद्याकडे वळू. परिचारिकेचे काम तर आपल्या धम्माला किती जवळचे! अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला स्वतः भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने धुऊन काढले आणि आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असा उपदेश भिक्खूंना केला. या कामाला कुणी हलके समजू नये.

या धंद्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नये. एक आहे परिषद. ती कायद्याने स्थापन झालेली असते. आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे आणि तिच्याकडे नोंदणी केल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. ही सक्तीची गोष्ट. दुसरी आहे संघटना. ती नर्सेसनी स्वतः उभी केलेली, तिचे सभासदत्व ऐच्छिक. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही यातली सर्वांत जुनी. तिचे मूळ १९०५ साली लखनौला स्थापन झालेल्या नर्सिंग अधीक्षकांच्या संघटनेत आहे. १९०८ साली तिला आजचे रूप येऊ लागले, १९१० पासून तिचे नियतकालिक निघते आणि १९१२ साली ती परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सामील झाली. विद्यार्थिनींसाठी तिची वेगळी शाखा १९२९ पासून आहे. म्हणजे शिकत असतानाच मुलीला आत पाऊल टाकता येते. याशिवाय सरकारी नर्सेसच्या पगार व सेवाशर्तींसाठी भांडणाऱ्या कामगार संघटना आहेत. त्यांचे काम वेगळे आणि तेही तितकेच गरजेचे.

अशा संघटनेत जाऊन खुर्च्या मांडल्याने काय मिळते? त्या मुलीचेच उदाहरण घेऊ.

पहिली मिळते ती बातमी. जीएनएम झालेल्या नर्सला पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. पदवी हाती आली की शिकवण्याच्या, देखरेखीच्या जागांचा मार्ग खुला होतो. या मुलीला तो करायचा होता. आदल्या वर्षी तिला प्रवेशाची तारीख कळली ती मुदत संपल्यावर! इस्पितळात कुणी सांगितले नाही, घरात कुणाला ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी संघटनेच्या बैठकीत चहा पिताना एका वडीलधाऱ्या सिस्टरने महिनाभर आधी सांगितले, "अगं, कागदपत्रं आत्ताच गोळा कर. जात पडताळणीला वेळ लागतो." तेवढ्या एका वाक्याने तिचे एक वर्ष वाचले. ती वर्गणी महाग पडली का?

दुसरे मिळते कसब. वॉर्डात काम करून हात तयार होतो, पण इतिवृत्त लिहायला, हिशेब ठेवायला, पाहुण्यांना पत्र धाडायला, पन्नास माणसांपुढे उभे राहून दोन मिनिटे बोलायला वॉर्डात कुणी शिकवत नाही. पुढे परिसेविका व्हायचे, अधिसेविका व्हायचे, तर हेच लागते. ज्यांच्या घरी वडील अधिकारी असतात त्यांची मुले हे जेवणाच्या टेबलावर शिकतात. आपल्या मुली ते शिकणार कुठे? संघटनेच्या कार्यक्रमात चूक झाली तर फार तर कुणी हसेल. नोकरीत चूक झाली तर मेमो मिळतो. तेव्हा चुका करून शिकण्याची ही जागा आहे.

तिसरी मिळते ती साक्ष. मुलाखतीत "मी मेहनती आहे" असे सगळेच म्हणतात. पण अधिवेशनात सकाळी सातपासून नावनोंदणीच्या टेबलावर बसलेली, रात्री पैशाचा हिशेब पैनपै देऊन गेलेली मुलगी दुसऱ्या इस्पितळातल्या मेट्रनबाईंनी पाहिलेली असते. पुढे कुणी विचारले तर त्या सांगतात, "तिला मी ओळखते. सांगितलेले काम करते." हा वशिला नव्हे. ही तिच्या कामाची साक्ष आहे.

चौथे मिळते पाठबळ. रात्रपाळीत नातेवाईक अंगावर धावून आले, विनाकारण ठपका आला, कंत्राट संपताना पगार अडला, तर एकटी मुलगी रडत घरी येते. ज्येष्ठ सिस्टरचा नंबर हाताशी असला की निदान कळते, अर्ज कुणाकडे करायचा, कोणता कागद जपून ठेवायचा, कुठे सही करायची नाही.

जे नर्सेसचे तेच इतरांचे. इंजिनिअरांची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० पासून आहे, औषधनिर्मात्यांची इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन १९३९ पासून. सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने झाली आणि तिच्या शाखांत अभ्यासवर्ग चालतात. वकिलांचे बार असोसिएशन तर प्रत्येक कोर्टात असते. नाव वेगळे, रीत एकच.

आडनाव विचारतील तर?

आता जी गोष्ट कुणी उघड बोलत नाही ती बोलू. मुलगी पहिल्यांदा गेली की कुणी तरी विचारणारच : "पूर्ण नाव काय? गाव कुठलं? बाबा काय करतात?" आपल्या मुलांच्या पोटात तेव्हा गोळा येतो. कित्येक मुले-मुली याच भीतीने दुसऱ्यांदा जात नाहीत.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता वरच्या जातीच्या आडनावापेक्षा बरीच कमी निघाली. अर्जावर फक्त आडनाव असते, म्हणून हे होते. पण जिथे माणसाचे काम वर्षभर डोळ्यांसमोर असते, तिथे आडनावाखेरीज दुसरेही काही लोकांना दिसते. सगळ्यांचे मन बदलेल असे नाही. काही जण शेवटपर्यंत नाक मुरडतील. पण दहांतले दोन-तीन माणूस म्हणून ओळखू लागले तरी आपले काम झाले. म्हणून नाव विचारले की ताठ मानेने पूर्ण सांगावे. बाबा सफाई खात्यात होते, हेही सांगावे. शहर ज्यांनी स्वच्छ ठेवले त्यांच्या लेकीने लाजायचे कशाला?

आणि आपल्या समाजाच्या कर्मचारी संघटनाही सोडू नयेत. तिथे आपले दुःख समजावून सांगावे लागत नाही. एक पाय आपल्या माणसांत आणि एक पाय सगळ्यांच्या संघटनेत, असे दोन्ही पाय हवेत. एका पायावर किती वेळ उभे राहणार?

सावधगिरीचे चार शब्द

संघटना म्हणजे काही नंदनवन नव्हे. काही ठिकाणी तीच ती माणसे वर्षानुवर्षे खुर्च्या अडवून बसतात. निवडणुकीत गट पडतात. काही जण पोरींकडून फक्त कामे करून घेतात आणि फोटोत स्वतः उभे राहतात. तेव्हा पहिले वर्ष शांतपणे पाहावे. "नोकरी लावून देतो, इतके पैसे आण" असे कुणी म्हटले तर तिथून उठावे आणि घरी येऊन सांगावे. पैशाची पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नये. बैठक फार उशिरा संपणार असेल तर निघून यावे, त्यात कमीपणा नाही.

गेल्यागेल्या "मला नोकरी बघा" असे म्हणू नये. आधी विचारावे, "मी काय करू?" ज्याने आधी हात दिला त्याला मागावे लागत नाही. एक छोटे काम घ्यावे आणि ते शेवटास न्यावे. दहा कामे अंगावर घेऊन अर्धवट टाकणाऱ्याचे नाव लवकर खराब होते. मोबाईलवरच्या गटात रोज सकाळी सुप्रभात धाडणे म्हणजे संघटनेचे काम नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे!

आणि एवढे करून उद्याच बढती मिळेल अशी आशा धरू नये. ही शेती आहे. पेरल्यावर दुसऱ्या दिवशी कणीस येत नाही.

घरच्यांनी काय करावे?

आता पुन्हा त्या आईकडे येऊ. आम्ही तिला विचारले, "मुलगी बैठकीला गेली तर तुमची खरी अडचण काय?" भगिनी जरा थांबल्या आणि खरे बोलल्या. "दादा, सुट्टीच्या दिवशी ती कपडे धुते, पाणी भरते, माझ्या गुडघ्यांना आराम पडतो."

हे ऐकून आमचाही गळा दाटला. संघटना, भवितव्य या मोठ्या गोष्टी आम्ही बोलत होतो आणि खरा प्रश्न होता महिन्यातून एका रविवारच्या धुण्याचा! मग आम्ही बाबांकडे वळलो. म्हटले, "बाबा, तीस वर्षं तुम्ही शहराचा कचरा उचललात. एका रविवारी घरची बादली उचलाल का?" बाबा हसले. "उचलीन की," म्हणाले. मुलीच्या धाकट्या भावालाही आम्ही सोडले नाही. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली, हे तो १४ एप्रिलच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. त्याने ते धुण्याच्या दगडापाशी जाऊन आचरणात आणावे.

घरच्यांनी करायचे ते एवढेच. महिन्याचा एक दिवस मोकळा द्यावा, वर्गणीचे पैसे वायफळ गेले असे म्हणू नये आणि घरी आल्यावर "काय नवीन कळलं?" म्हणून विचारावे.

मुलामुलींनी या महिन्यात तीन कामे करावीत. एक, आपल्या धंद्याची संघटना कोणती आणि तिची जवळची शाखा कुठे, ते आपल्या ज्येष्ठांना विचारून काढावे. दोन, एका बैठकीला जाऊन बसावे आणि तीन नव्या माणसांची नावे, कामे वहीत लिहावीत. तीन, एक छोटे काम मागून घ्यावे. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर अनेक संघटना आरोग्य तपासणीचे, औषधांचे मंडप टाकतात. परिचारिका, डॉक्टर, फार्मसिस्ट तिथे खांद्याला खांदा लावून राबतात. सुरुवात तिथूनही करता येईल. सेवाही होईल आणि आपल्याच धंद्यातली माणसेही भेटतील.

शेवटी एक आठवण. वज्जींवर चाल करून जावे की नाही, हे विचारायला अजातशत्रू राजाने आपला मंत्री गृध्रकूटावर भगवंतांकडे पाठवला. भगवंतांनी आनंदाला विचारले, की वज्जी वारंवार एकत्र जमतात ना? एकोप्याने बसतात, एकोप्याने उठतात ना? जोवर ते असे करतील तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही. पुढे भिक्खूसंघालाही त्यांनी हाच नियम सांगितला. वारंवार जमणे, एवढी साधी गोष्ट. राज्य टिकते ते याने, मग नोकरीतला माणूस का टिकणार नाही?

आणि जी वर चढली तिने मागे वळून पाहावे. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची खंत बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बोलून दाखवली होती. ती खंत पुन्हा कुणाला होऊ नये. त्या वडीलधाऱ्या सिस्टरने चहा पिताना जे एक वाक्य सांगितले, तेच आता आपल्या मुलीने वस्तीतल्या पुढच्या मुलीला सांगायचे आहे, आणि तेही मुदत संपण्याच्या महिनाभर आधी!

त्या भगिनी परवा पुन्हा विहारात भेटल्या. मुलीला पोस्ट बेसिकला प्रवेश मिळाला आहे. बैठकीचा रविवार अजून तिचाच आहे, आणि त्या दिवशीचे धुणे बाबांकडे आहे. "दादा, पण कपडे नीट पिळत नाहीत हो," एवढीच त्यांची आता तक्रार आहे. ती तक्रार मात्र आम्ही हसून सोडून दिली.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!